पद वाढत गेलं, समुद्र लांब गेला

भारतीय तटरक्षक दलात मी सदतीस वर्षं काढली आणि २०२४ मध्ये डेप्युटी इन्स्पेक्टर जनरल, म्हणजे डीआयजी, या हुद्द्यावरून निवृत्त होऊन नाशिकला परतलो. सोसायटीत कुणी ओळख करून देताना "हे नेव्हीत होते" म्हणतं, तेव्हा मी दर वेळी "कोस्ट गार्ड" असं सांगतो. ते आग्रहानं सांगतो, कारण आपल्या गावाला फौज चांगली ठाऊक आहे. देवळालीला तोफखान्याची शाळा, गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांचं प्रशिक्षण, ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तरी नाशिककर मान वर करत नाही. पण पांढऱ्या जहाजांवर काम करणारं एक वेगळं दल आहे, त्याचा स्वतःचा कायदा आहे, स्वतःचे अधिकारी आहेत, हे आजही अनेकांना माहीत नसतं.

मला स्वतःला ते बाविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

आमचं गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाझर तलावाच्या कामावर माती उचलायला जायचे. आई दोन हंडे घेऊन पहाटे निघायची. विहिरीला पाणी असायचं त्या वर्षांत पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलो, तेवढीच माझी पाण्याशी ओळख. पुढे कॉलेजसाठी नाशिकला आलो तेव्हा पुराच्या दिवसांत गोदाघाटावर गर्दी करून उभे असायचो. पाणी किती चढलं ते दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून सांगायची आपली रीत आहे. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत आलं. पाणी मोजायला मारुती असतो, असंच डोक्यात बसलेलं.

१९८६ च्या हिवाळ्यात सार्वजनिक वाचनालयात रोजगार समाचार चाळताना तटरक्षक दलाची जाहिरात दिसली. पदवीला भौतिकशास्त्र होतं, एनसीसी केलेली होती, वय बसत होतं. अर्ज टाकला. बोलावणं आलं आणि पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. मुलाखत दुसऱ्या दिवशी होती, म्हणून संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर जाऊन बसलो. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो असा. बराच वेळ मी त्यात काहीतरी खूण शोधत होतो, पाणी कुठपर्यंत आलंय ते सांगणारी. तसं काही नव्हतं.

निवड झाल्यावर घरी सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं पाणी, आन् प्यायचं नाही?" मी नाही म्हणालो. ते बराच वेळ गप्प बसले. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला ते पटणं कठीण होतं. आई मात्र वेगळ्याच गोष्टीनं खूष झाली. दलाच्या नव्या गस्ती जहाजांची नावं ताराबाई आणि अहल्याबाई अशी आहेत, हे मी सांगितलं होतं. "अहल्याबाईच्या नावाची बोट हाये ना, मग जा," एवढंच ती बोलली.

पहिलं प्रशिक्षण गोव्यात, नौदलाच्या प्रबोधिनीत झालं. त्यावर फार लिहीत नाही. कवायत, धावणं, दोरखंड, नकाशे, उजाडायच्या आत उठणं. कुठल्याही दलातला माणूस ते सांगेल. माझी खरी परीक्षा जहाजावर सुरू झाली. ताराबाईच्याच वर्गातलं, पंचेचाळीस मीटरच्या आसपास लांबीचं जहाज होतं. एवढं लहान जहाज जूनच्या लाटांत कसं हलतं ते किनाऱ्यावरून कळत नाही. पहिले चार दिवस मी काही खाल्लं नाही आणि जे खाल्लं ते राहिलं नाही. घरी परत जावं असा विचार मनात आला होता, हे मी आज लपवत नाही. रत्नागिरीकडचे एक प्रधान अधिकारी, म्हणजे खलाशांमधल्या सगळ्यात वरच्या हुद्द्याचे, जहाजावर होते, माझ्या दुप्पट वयाचे. त्यांनी हातात कोरडी चपाती दिली आणि म्हणाले, "साहेब, पोट रिकामं ठेवू नका. आणि खाली केबिनमध्ये पडून राहू नका. वर चला, क्षितिजाकडे बघा." मारुतीच्या जागी क्षितिज धरायचं, हे मला त्या दिवशी समजलं. पाचव्या दिवशी मी वरण-भात जेवलो.

त्यानंतर सुरू झालं ते वॉचकीपिंग. अधिकारी म्हणून खांद्यावर पट्टी आली तरी जहाज चालवण्याचा हक्क येत नाही. त्यासाठी महिनोन्‌महिने दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, उभं राहायचं, मग तोंडी परीक्षा द्यायची. ती पास झालात की वॉचकीपिंगचं प्रमाणपत्र मिळतं. मग चार तासांच्या पाळीत, कॅप्टन झोपलेले असताना, जहाज आणि त्यावरची सगळी माणसं तुमच्या हवाली असतात. माझ्या मते या नोकरीतली सगळ्यात मोठी बढती तीच. पुढच्या कुठल्याही पट्टीनं मला तेवढं बदललं नाही.

पहिल्या वेळेला मी नापास झालो. प्रश्न साधा होता. रात्री समोर दोन दिवे दिसतात, वर लाल आणि खाली पांढरा, काय आहे? मासेमारीची बोट आहे आणि जाळं पाण्यात आहे, हे मी सांगितलं. वर हिरवा असता तर? तिथे अडखळलो. हिरव्याखाली पांढरा म्हणजे ती बोट ट्रॉल ओढते आहे, जाळं तिच्या मागे लांबवर आहे, तिच्या मागून जवळून जायचं नाही. पाठ केलेलं होतं, पण डोळ्यांपुढे चित्र नव्हतं. परीक्षकांनी वही मिटली आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं. ते बरोबर होते. वैद्यकीय तपासणीत रंग ओळखण्याच्या दृष्टीवर एवढा भर का असतो, असं आजची मुलं मला विचारतात, तेव्हा मी हेच दोन दिवे सांगतो. लाल की हिरवा यात चूक झाली तर एखाद्या कोळ्याचं वर्षभराचं जाळं जातं, कधी माणूसही जातो.

ते तीन महिने मी रात्रीच्या बारा ते चारच्या पाळ्या मागून घेतल्या. पालघर-डहाणूच्या समोर रात्री समुद्रावर उतरलेल्या चांदण्यांसारखे दिवे असतात. सातपाटी, डहाणू, पलीकडे गुजरातच्या बोटी. एका रात्री उजव्या हाताला एक पांढरा दिवा दिसत होता. होकायंत्रावर दिशा घेतली. पाच मिनिटांनी पुन्हा घेतली, तीच. रडारवर अंतर मात्र कमी होत होतं. दिशा बदलत नाही आणि अंतर घटतंय, म्हणजे टक्कर ठरलेली. हा समुद्रावरचा पहिला धडा. आणि जे जहाज आपल्या उजव्या बाजूनं आडवं येतंय त्याला वाट द्यायची, हा नियम. मला सगळं येत होतं. तरीही मी आणखी एकदा दिशा घेऊ, आणखी दोन मिनिटं पाहू, असं करत राहिलो, कारण कॅप्टनना उठवायचं आणि नंतर ते काहीच नव्हतं असं निघायचं, याची लाज वाटत होती. शेवटी उजवीकडे वळायचा हुकूम दिला. एक मोठं मालवाहू जहाज आमच्या डावीकडून, वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जवळून, निघून गेलं.

मागे वळलो तर अंधारात कॅप्टन उभे होते. दहा मिनिटांपासून. ते एवढंच म्हणाले, "शंका आली त्या क्षणी मला हाक मारायची. मी ओरडलो तरी चालेल." पुढच्या परीक्षेत मी पास झालो. पण तेरा वर्षांनी माझ्या स्वतःच्या जहाजावर पहिला आदेश मी तोच लिहून काढला आणि ब्रिजवर लावला.

दलाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. साठ-सत्तरच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची, घड्याळांची, कापडाची चोरटी आयात एवढी वाढली की नौदलाला लढाईची तयारी सोडून ते काम करणं शक्य नव्हतं. १९७४ मध्ये सरकारनं के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रुस्तमजी आपल्या कामठीचे, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. त्या समितीनं वेगळं सागरी दल हवं असं सांगितलं. १ फेब्रुवारी १९७७ ला अंतरिम स्वरूपात सुरुवात झाली आणि १८ ऑगस्ट १९७८ ला संसदेच्या कायद्यानं दल उभं राहिलं. नौदलाकडून आलेली दोन जुनी जहाजं आणि पाच गस्ती नौका, एवढ्यावर. बोधवाक्य 'वयं रक्षामः'. आज भारताच्या शोध-बचाव क्षेत्राचा विस्तार ४६ लाख चौरस किलोमीटर आहे. आमच्या ताराबाईनं १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे चाच्यांनी पळवलेलं, सुमारे सात हजार टन ॲल्युमिनियमनं भरलेलं जहाज अरबी समुद्रात गाठून अडवलं होतं; मग नौदलाचं 'प्रहार' आलं आणि पंधरा चाचे पकडले गेले. मी त्या मोहिमेत नव्हतो, पण त्या वर्गाच्या जहाजावर शिकलेल्या प्रत्येकाला ती बातमी घरची वाटली.

पण चाचे आणि तस्कर हे वर्तमानपत्रातलं काम. आमचं रोजचं काम म्हणजे शोध.

मला पहिलं जहाज मिळालं तेव्हा मी कमांडंट झालो नव्हतो, एक पायरी खाली होतो. मे महिन्याचा शेवट होता. जूनमध्ये महाराष्ट्रात मासेमारी बंद होते, म्हणून शेवटची खेप घ्यायला बोटी लांबवर जातात. वळवाचं वादळ झालं आणि सात माणसांची एक बोट संध्याकाळपर्यंत परतली नाही. तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचा, शेवटचा निरोप दुसऱ्या बोटीनं ऐकला होता: इंजिन बंद, अमुक ठिकाणापासून पश्चिमेला. एवढ्यावर शोधायचं.

तेव्हा काय करतात? आधी बोट शेवटची कुठे होती तो बिंदू धरायचा. मग तिथून ती कुठे वाहत गेली असेल याचा हिशेब. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीची ओढ जबर आहे, सहा तास इकडे आणि सहा तास तिकडे. त्यावर वाऱ्याचा रेटा. बोट उंच असेल तर वारा जास्त ढकलतो, माणूस पाण्यात असेल तर जवळजवळ नाहीच. म्हणजे बोट आणि बोटीतून पडलेला माणूस दोन वेगळ्या ठिकाणी सापडतात. हिशेबानं एक बिंदू काढला की तिथून चौकोन वाढवत जायचं. शेताच्या मधोमध औत धरावं आणि बाहेर बाहेर मोठे चौकोन काढत जावं, तसं. मी नाविकांना तसंच समजावलं होतं. त्यांच्यातले निम्मे शेतकऱ्यांचेच मुलगे होते.

एकोणीस तासांनी, दुपारी, तेराव्या वळणावर एका नाविकाला पिवळं काहीतरी दिसलं. तांडेलानं प्लास्टिकचा कॅन काठीला बांधून उभा केला होता. सातही जण होते. बर्फाच्या खणातलं वितळलेलं पाणी पिऊन राहिले होते. तांडेल वर चढून आला आणि माझे पाय धरायला वाकला. तो माझ्या अण्णांच्या वयाचा होता. मी त्याला उठवून मिठी मारली. गणवेशात तसं करत नाहीत, मला माहीत आहे.

दोन वर्षांनी, त्याच महिन्यात, तशीच एक बोट. पाच माणसं. आम्ही चार दिवस शोधलं, वर विमान होतं, आजूबाजूच्या बोटी होत्या. मिळालं ते एक जाळ्याचं बोयं. चौथ्या दिवशी शोध थांबवण्याचा संदेश आला. हिशेब मी केला होता. आजही झोप लागत नाही त्या रात्री मी तो हिशेब पुन्हा करतो. वाऱ्याचा अंदाज थोडा जास्त धरला का? कदाचित. बंदरावर त्या घरची माणसं उभी होती. त्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं, कुणाला पाठवलं नाही. एक बाई काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली.

यानंतर बढती मिळाली आणि मी किनाऱ्यावर आलो.

या नोकरीतली हीच गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. असिस्टंट कमांडंट असताना समुद्र पायाखाली असतो. डेप्युटी कमांडंट, मग ज्युनिअर ग्रेडचा कमांडंट, मग कमांडंट: जहाज मोठं होत जातं आणि दोन जहाजांमधली टेबलावरची वर्षं वाढत जातात. डीआयजीला एखादं मोठं गस्ती जहाज मिळतं, मिळालं तर. त्याच्या वर फक्त नकाशे आणि दूरध्वनी. ज्या कामासाठी जीव टाकला, त्यात तरबेज झालात म्हणून ते काम हातातून जातं. सुरुवातीला मला याचा फार त्रास झाला. मुंबईच्या शोध-बचाव समन्वय केंद्रात बसून १५५४ या क्रमांकावर आलेले फोन हाताळायचे, चार्टवर पेन्सिलीनं चौकोन काढायचे आणि दुसऱ्याच्या जहाजाला तिकडे पाठवायचं. मला दर वेळी वाटायचं, मी स्वतः जायला हवं. हळूहळू लक्षात आलं की फोन घेणाऱ्यानं पहिल्या दोन मिनिटांत नीट विचारलं, घाबरलेल्या खलाशाकडून त्याच्याच भाषेत नेमकी जागा काढून घेतली, तर जहाजाचे सहा तास वाचतात. मराठी येत असल्याचा मला तिथे जेवढा उपयोग झाला तेवढा कुठेच नाही. "तुला किनारा दिसतोय का? कुठल्या हाताला? रात्री दीपगृह दिसलं होतं का?" असं विचारत गेलं की माणूस शांत होतो आणि सांगतो.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर काम आणखी बदललं. हल्लेखोर 'कुबेर' नावाची मासेमारीची बोट पळवून आले होते. किनाऱ्यालगतच्या, बारा सागरी मैलांच्या आतल्या पाण्याच्या सुरक्षेची जबाबदारी आमच्या दलाकडे आली. बंदरोबंदर फिरून कोळी बांधवांशी बोलणं, ओळखपत्रं, बोटींची नोंद, सागरी पोलिसांबरोबरच्या कवायती. मुरुड-जंजिरा, रत्नागिरी, डहाणू ही आमची स्थानकं त्या कामात जिवंत झाली. कोळीवाड्यात सुरुवातीला आमच्याबद्दल राग होता. तपासणीत वेळ जातो, बर्फ वितळतो, माल पडतो. त्यांचं म्हणणं खरं होतं. मी माझ्या अधिकाऱ्यांना सांगायचो, बोटीवर चढलात की आधी विचारा पाणी आहे का, औषध हवं का. कागद नंतर.

शेवटचं जहाज मी डीआयजी म्हणून सांभाळलं. ताबा दिला त्या सकाळी अधिकाऱ्यांनी रीतीप्रमाणे माझ्या जीपला दोर बांधले आणि ती हातांनी ओढत धक्क्याच्या टोकापर्यंत नेली. बायको शेजारी बसली होती. तिनं या नोकरीसाठी सतरा घरं बांधली आणि मोडली. मुलांचे ताप, परीक्षा, माझ्या आईचं शेवटचं आजारपण तिनं एकटीनं काढलं. मी तेव्हा पोर्ट ब्लेअरला होतो आणि दोन दिवसांनी पोचलो. आईचं दर्शन झालं नाही. जीप थांबल्यावर बायको मला एवढंच म्हणाली, "आता नाशिकला जाऊ."

आता इथे माझ्याकडे मुलं येतात. निफाड, येवला, सिन्नर, सटाणा. मी त्यांना आधी कागदावरची वाट सांगतो. असिस्टंट कमांडंट व्हायचं तर पदवी हवी, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. पहिली पायरी संगणकावरची परीक्षा: शंभर प्रश्न, चारशे गुण, दोन तास, चुकलं तर एक गुण वजा. मग प्राथमिक निवड मंडळ. तिथे बुद्धिमापन आणि एक चित्र पाहून त्यावर गटात चर्चा. बहुतेक जण तिथेच गळतात, कारण दुसऱ्याचं ऐकून घेत नाहीत. मग नोएडाला अंतिम मंडळ, मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं, मुलाखत. मग वैद्यकीय, आणि निवडलेल्यांना केरळात एळिमलाच्या नौदल प्रबोधिनीत पाठवतात. मुलाखत मंडळाला तोंड कसं द्यायचं हे शिकायला पुण्या-मुंबईला हजारो रुपये भरणाऱ्यांना मी विचारतो, नाशिक रोडचं सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र पाहिलंत का? सैन्यदलांच्या एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवड मंडळाची, तयारी तिथे मोफत करून घेतात. आपल्या गावात आहे आणि आपल्यालाच माहीत नाही.

पालक मात्र वेगळं विचारतात. आमच्याकडे समुद्र नाही, पोराला जमेल का? मी त्यांना चांदवडच्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळचं नाव सांगतो. दुष्काळी गावात विहिरी खणणारा मुलगा सैन्यात गेला, तिथे वल्हं हातात घेतलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला तेराव्या क्रमांकावर आला. पाणी कमी असलेल्या घरातला मुलगा पाण्याला गृहीत धरत नाही, असं माझं मत आहे. जहाजावर तशी माणसं लागतात.

गेल्या आठवड्यात निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा मुलगा आला होता. दुसऱ्या प्रयत्नात त्याला नोएडाचं बोलावणं आलंय. चहा घेतला, कागदपत्रं पाहिली, मुलाखतीचं बोलणं झालं. मी त्याला लाल-पांढऱ्या दिव्यांचं चित्र काढून दाखवलं, त्यानं ते वहीत उतरवून घेतलं. निघताना दारात थांबला.

"सर, एक सांगायचं राहिलं. मला पोहता येत नाही. आमच्याकडं विहिरीला कठडे बांधले, कुणी उतरू देत नाही."

"मंडळाला विचारलं तर खरं तेच सांग," मी म्हणालो. "आणि उद्या सकाळी सहाला सावरकर तलावावर ये. मी असतो तिथे."

तो पावणेसहालाच येऊन उभा होता.